ट्रेन सिम्युलेटर शिकायचाय? मग आधी गाडी थांबवायला शिका

भुसावळ-जळगाव पट्ट्यात वाढलेल्या माणसाला रेल्वेचं वेड वेगळं लावावं लागत नाही. घरात नाही तर शेजारी, शेजारी नाही तर मामाकडे, कुणी ना कुणी रेल्वेत असतंच. इकडच्या पोरांना डब्ल्यूएपी-४ आणि डब्ल्यूएपी-७ ही विजेची इंजिनं लांबून ओळखता येतात, भोंग्यावरून पैजा लागतात, आणि कधीतरी मोबाइलवर ट्रेनचा गेम उतरवला जातो. चार दिवस भोंगे वाजवून झाले की प्रश्न पडतो, याहून खरं काही मिळतं का? मिळतं, आणि भरपूर मिळतं. फक्त सुरुवात उलट्या टोकाने केली तर आठवड्यात कंटाळा येतो.

उलटं टोक म्हणजे वेग. नवखा माणूस राजधानी निवडतो, नॉच, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा टप्पा, शेवटपर्यंत ओढतो, पहिल्या लाल सिग्नलला पार करून जातो आणि ‘गेममध्ये काही दम नाही’ म्हणून डिलीट करतो. गाडी पळवायला कुणालाही येते. हजार टनांचं धूड फलाटावर नेमक्या जागी, दारात उभ्या असलेल्याचा तोल न जाता थांबवायचं, कसब लागतं ते इथे. या लेखातला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

गेम कुठला घ्यायचा

मोबाइलवर ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ आहे. हायब्रो इंटरॅक्टिव्ह या भारतीय कंपनीने केलेला. आपली इंजिनं, आपले डबे, आपली स्टेशनं, सगळं ओळखीचं वाटतं. हात बसवायला ठीक आहे. पण ब्रेकचं गणित त्यात फार सोपं करून ठेवलंय, म्हणून शिकायचं असेल तर कम्प्युटरकडे वळावंच लागतं.

कम्प्युटरवरच्या या खेळांचा वंश २००१ पासून धरा. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ आला आणि ऑस्ट्रेलियातल्या ऑरन कंपनीचा ‘ट्रेन्झ’ही. मायक्रोसॉफ्टने आपला खेळ पुढे वाऱ्यावर सोडला, पण हौशी मंडळींनी सोडला नाही. जगभरातल्या स्वयंसेवकांनी ‘ओपन रेल्स’ नावाचा नवा प्रोग्राम लिहिला, जो मायक्रोसॉफ्टच्या जुन्या खेळासाठी केलेले मार्ग आणि इंजिनं चालवतो. तो फुकट आहे. भारतीय हौशींनी गेल्या वीसेक वर्षांत बनवलेली डब्ल्यूडीएम-२ या जुन्या डिझेल इंजिनापासून एलएचबी या नव्या धाटणीच्या डब्यांपर्यंतची बरीचशी सामग्री याच घराण्यातली, तीही बहुतेक फुकटच.

विकत घ्यायच्या खेळांमध्ये डव्हटेल गेम्सचे दोन आहेत. ‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’ जुना, साध्या कम्प्युटरवर चालणारा. ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ नवा, दिसायला देखणा, केबिनमधलं प्रत्येक बटण हाताने दाबता येतं. पण त्याला चांगलं ग्राफिक कार्ड लागतं आणि डिस्कवर जागाही बक्कळ खातो. दोन्हींमध्ये ब्रिटन, जर्मनी, अमेरिका यांचंच राज्य. ‘ट्रेन्झ’ची गंमत वेगळी: त्यात चालवण्यापेक्षा स्वतः रूळ टाकण्यात रमणारे लोक जास्त, आणि त्याच्या डाउनलोड स्टेशनवर भारतीय सामानाचा ढीग आहे. पोलंडच्या ‘सिमरेल’ची खरी मजा एकट्याने खेळण्यात नाही, त्यात एक जण गाडी चालवतो आणि दुसरा खराखुरा माणूस सिग्नलच्या केबिनमध्ये बसून त्याला सिग्नल देतो.

माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन महिने ओपन रेल्स. पैसे लागत नाहीत, आपली इंजिनं मिळतात, आणि त्यातलं ब्रेकचं गणित चांगलं पक्कं आहे. दिसायला जुनाट वाटेल. वाटू द्या.

कम्प्युटर आणि बसवणं

कॉलेजसाठी घेतलेला विंडोज लॅपटॉप ओपन रेल्सला पुरतो. आठ जीबी रॅम असली तर निवांत. ट्रेन सिम वर्ल्डसाठी मात्र वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर हात घालू नका. गाडी कमी आणि कम्प्युटरचा पंखाच जास्त ऐकू येईल.

ओपन रेल्स त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरूनच उतरवा. सोबत सरावासाठी ‘डेमो मॉडेल १’ नावाचा छोटा मार्ग तिथेच मिळतो. भारतीय सामानाच्या मागे लागण्याआधी तो चालवून पाहा, म्हणजे प्रोग्राम नीट बसलाय की नाही ते कळतं. नंतर काही बिघडलं तर दोष नव्या फाइलींचा आहे हेही ठरवता येतं.

भारतीय इंजिनं झिप फाइलमध्ये येतात आणि नवखे इथेच अडकतात. फोल्डरांची रचना समजून घेतली की भीती जाते. मुख्य फोल्डरात ‘रूट्स’ आणि ‘ट्रेन्स’ असे दोन महत्त्वाचे फोल्डर असतात. ‘रूट्स’मध्ये मार्ग. ‘ट्रेन्स’च्या आत पुन्हा दोन: ‘ट्रेनसेट’मध्ये प्रत्येक इंजिनाचं आणि डब्याचं स्वतंत्र फोल्डर, आणि ‘कन्सिस्ट्स’मध्ये गाडीची जोडणी, म्हणजे कुठलं इंजिन, त्यामागे किती आणि कुठले डबे. जोडणीच्या फाइलीत ज्या डब्याचं नाव आहे तो ‘ट्रेनसेट’मध्ये नसेल तर गाडीतून तेवढा डबा गायब होतो. २२ डब्यांची एक्स्प्रेस ९ डब्यांची दिसली तर घाबरू नका, १३ डबे उतरवायचे राहिलेत एवढाच त्याचा अर्थ. नेमकं काय राहिलं ते डेस्कटॉपवर तयार होणाऱ्या ‘ओपनरेल्सलॉग’ या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. ती उघडून वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, अर्धे प्रश्न दुसऱ्याला विचारावेच लागणार नाहीत.

काही जुन्या मार्गांना मायक्रोसॉफ्टच्या मूळ खेळातल्या फाइली लागतात. तसं असेल तर मार्गासोबतच्या सूचनेत लिहिलेलं असतं. ती सूचना न वाचता ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या बरीच आहे. आणखी एक. हे सगळं ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका, विंडोज तिथे लिहू देत नाही आणि विचित्र अडचणी येतात. डी ड्राइव्हवर साधं फोल्डर करा.

केबिनमध्ये पहिल्यांदा

सुरुवातीच्या यादीत ‘एक्सप्लोर रूट’ निवडा. यात वेळापत्रक नसतं, गुण नसतात, कुणी रागावत नाही. इंजिन डब्ल्यूडीएम-२ घ्या. डिझेल असल्याने छतावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या पँटोग्राफची भानगड नाही, आणि नॉच फक्त ८. डब्ल्यूएपी-४ ला ३२ नॉच असतात, शिवाय विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरवर डोळा ठेवावा लागतो. ते दुसऱ्या महिन्यात. मागे डबे चार-पाचच जोडा.

कळा बहुतेक खेळांत सारख्याच आहेत, त्यामुळे एकदा बोटांत बसल्या की खेळ बदलला तरी कामी येतात. ‘डब्ल्यू’ने रिव्हर्सर, म्हणजे गाडीची दिशा ठरवणारं हँडल, पुढे, ‘एस’ने मागे. ओपन रेल्समध्ये ‘डी’ने नॉच वाढतो, ‘ए’ने उतरतो; डव्हटेलच्या खेळांत नेमकं उलट. गाडीचा ब्रेक लावायला एकेरी अवतरणचिन्हाची कळ, सोडायला तिच्या शेजारची अर्धविरामाची. नुसत्या इंजिनाचा ब्रेक चौकटी कंसांच्या कळांवर. भोंगा स्पेसबारवर, आणि तो कुणाला शिकवावा लागत नाही. ओपन रेल्समध्ये ‘एफ ४’ दाबलं की पुढचे सिग्नल, वेगमर्यादा आणि त्यांचं अंतर दाखवणारी पट्टी येते. ती पहिले काही दिवस उघडी ठेवा. ‘एफ ५’ने प्रेशरचे आकडे दिसतात. ‘एफ २’ने खेळ जतन होतो. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा दर स्टेशनला ‘एफ २’.

आता सुरुवात करू. रिव्हर्सर पुढे. गाडीचा ब्रेक सोडा आणि थांबा. ब्रेक पाइपचं प्रेशर वर चढताना काट्याकडे बघा. आपल्याकडच्या गाड्यांत ते ५ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) जाऊन स्थिरावतं. त्याआधी नॉच दिला तर मागचे डबे धरूनच बसलेले असतात आणि इंजिन नुसतं रेटतं. काटा ५ वर आला, आता इंजिनाचा ब्रेक सोडा, पहिला नॉच द्या. गाडी हलेपर्यंत दुसरा देऊ नका. हलली, चालायच्या वेगात आली की दुसरा, तिसरा. ताशी ३० ला पोचलात की नॉच पूर्ण उतरवून गाडी नुसती वाहू द्या. पॉवर काढल्यावरही गाडी किती लांब जाते ते बघा. ट्रकवाल्याला किंवा मोटारसायकलवाल्याला हे पटत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं.

ब्रेक

इथे जास्त वेळ द्यायचा. बाकी सगळं आपोआप येतं.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद एवढा वेग कमी होत गेला, जो प्रवाशांना सुखाचा वाटतो, तर गाडी थांबायला साधारण ५५ सेकंद आणि ७७० मीटर लागतात. तीच गाडी ५० ने येत असेल तर १९० मीटरच्या आसपास. वेग निम्मा केला की थांबायचं अंतर चौथ्या हिश्शावर येतं. एवढा एक हिशेब डोक्यात ठेवला तरी नवख्याची निम्मी घाई कमी होते. भरलेल्या मालगाडीला वेग याहून सावकाश कमी करावा लागतो, म्हणून ती ६०ने चालली असली तरी पाऊण किलोमीटर आधीच विचार सुरू करावा लागतो.

हवेचा ब्रेक उलट्या डोक्याचा आहे. पाइपात हवा भरली की ब्रेक सुटतो, हवा काढली की लागतो. पाइप कुठे तुटला तर गाडी आपोआप थांबावी म्हणून ही रचना. ५ किलोवरून अर्धा किलो उतरवला की पहिला ब्रेक लागतो, साडेतीनच्या आसपास पूर्ण ब्रेक, आणि शून्य म्हणजे इमर्जन्सी. पण हँडल फिरवलं आणि ब्रेक लागला असं होत नाही. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत प्रेशर उतरायला वेळ लागतो. केळीच्या बागेत ठिबकची मोटार चालू केल्यावर नळीच्या शेवटच्या झाडाला थेंब उशिरा पडतो, तसंच. सोडतानाही तीच गत, आणि मालगाडीत आणखी जास्त.

म्हणून नवख्याची ठरलेली फजिती अशी होते: ब्रेक लावतो, काही होत नाही असं वाटून आणखी लावतो, मग दोन्ही एकदम अंगावर येतात, गाडी फलाटाच्या अलीकडेच मरते. मग सोडतो, पुन्हा लावतो, पुन्हा सोडतो. प्रत्येक वेळी डब्यांखालच्या टाक्यांमधली हवा खर्च होते आणि त्या भरायच्या आत परत ब्रेक मागितला तर तो अर्धवटच मिळतो. उतारावर हे केलं तर गाडी हातातून जाते.

बरोबर पद्धत अशी. नॉच आधी उतरवा, चार-पाच सेकंद जाऊ द्या. अर्धा किलो काढा आणि हात मागे घ्या. वेग पडायला लागला? किती वेगाने पडतोय? फलाटाच्या सुरुवातीला ताशी ४० च्या आत यायचं ठरवा. कमी पडत असेल तर आणखी थोडा. फलाटाला लागलात की थोडा थोडा सोडत चला, आणि गाडी थांबायच्या क्षणी ब्रेक जवळजवळ सुटलेला असू द्या. शेवटचा धक्का बसतो तो याच क्षणी. चहाचा कप हातात धरलेला प्रवासी तुमच्या गाडीत बसलाय असं समजा. थांबल्यावर इंजिनाचा ब्रेक लावून ठेवा, नाहीतर चढावर गाडी मागे सरकते.

ट्रेन सिम वर्ल्डमध्ये किंवा क्लासिकमध्ये अमेरिकन मालगाडी चालवायला घेतलीत तर वेगळाच अनुभव येईल. तिथे ब्रेक थोडाथोडा सोडता येत नाही. सोडायला लागलात की पूर्ण सुटतो. आकडेही किलोत नसतात, ९० पीएसआय वगैरे असतात. म्हणून तिकडचे ड्रायव्हर उतारावर डायनॅमिक ब्रेकवर, म्हणजे इंजिनाच्या मोटारी उलट्या कामाला लावून, गाडी सांभाळतात आणि हवेच्या ब्रेकला शेवटी हात लावतात. आपल्याकडच्या डब्ल्यूएपी-७ मध्येही असा विजेचा ब्रेक आहे, वर तो वीज तारेत परत पाठवतो. कीबोर्डवर तो स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांवर सापडेल.

सिग्नल

हिरवा म्हणजे मोकळं, लाल म्हणजे थांबा, हे सगळ्यांना येतं. खेळ पिवळ्यांचा आहे. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने चला, पुढचा लाल आहे. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल ओलांडता येईल पण वेग आवरून, बहुधा तो एक पिवळा असेल. डबल पिवळा दिसला की नॉच उतरवायचा, एक पिवळा दिसला की ब्रेकमध्ये असायचं. जंक्शनच्या अलीकडे गाडी रेंगाळते तेव्हा आपण डब्यात बसून वैतागतो. केबिनमधून बघितलं की कळतं, समोर पिवळ्यांची रांग लागलेली असते आणि ड्रायव्हर एकेका पिवळ्याला वेग मोजून देत असतो.

सिग्नलच्या डोक्यावर पाच पांढरे दिवे तिरक्या रेषेत लागले तर गाडी मुख्य रुळावरून बाजूला वळणार. रूळ बदलायच्या सांध्यांवर वेग कमी असतो, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ताशी ३०, काही ठिकाणी १५च. खेळात इथे रुळावरून गाडी उतरते आणि नवखा खेळाला नावं ठेवतो.

आपल्या लोकांना सहसा न सुचणारी एक गोष्ट. ब्रिटनचे चार संकेतांचे सिग्नल जवळजवळ आपल्यासारखेच आहेत: हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल, आणि वळणाला पाच पांढरे दिवेसुद्धा. तेव्हा विकतचा पहिला मार्ग घ्यायचा झाला तर ब्रिटनचा घ्या. सिग्नल नव्याने शिकावे लागत नाहीत, फक्त वेग मैलांत वाचायचा. तिकडे सिग्नलजवळ केबिनमध्ये आवाज होतो. हिरव्याला घंटी, बाकीच्यांना भोंग्यासारखा. दुसरा आवाज आला की लगेच ‘क्यू’ दाबायचं, नाहीतर गाडी स्वतःच ब्रेक लावून घेते. जर्मनीच्या गाड्यांत पीझेडबी नावाची याहून कडक व्यवस्था आहे, चार सेकंदांत दाद द्या आणि ठरलेल्या वेळात वेग उतरवा, नाहीतर थांबवलेच. सुरुवातीला ती बंद ठेवूनच चालवा. अमेरिकेचे सिग्नल इतक्यात नकोत. तिथे एकाच खांबावर तीन-तीन लाल दिसतात आणि त्याचे अर्थ कंपनीगणिक बदलतात.

आपल्या इंजिनांत ड्रायव्हर जागा आहे का हे तपासणारं यंत्रही असतं. मिनिटभर कुठल्याच हँडलला हात लागला नाही तर आधी दिवा, मग बझर, मग ब्रेक. ओपन रेल्समध्ये ज्या इंजिनांना ते बसवलंय तिथे ‘झेड’ दाबून गप्प करता येतं.

सरावासाठी एक पट्टा धरा

मार्ग गोळा करत बसू नका. एक पट्टा घ्या, तीन स्टेशनांचा, २५ किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडचं माप सांगायचं तर जळगाव, भादली, भुसावळ. तुमच्या खेळात हा पट्टा असण्याची गरज नाही, तेवढ्या लांबीचा कुठलाही चालेल. पहिल्या स्टेशनावरून सुटायचं, मधल्यावर थांबायचं, तिसऱ्यावर पोचायचं. आधी पाच डबे आणि ताशी ६०. मग बारा डबे. मग ‘एफ ४’ची पट्टी बंद करून. मग रात्री, मग पावसात. वेळ शेवटी मोजायची, आधी जागा: इंजिन फलाटाच्या टोकाच्या पाटीपाशी थांबलं की नाही.

याला जोड म्हणून खऱ्या गाडीत बसा. जळगाव-भुसावळ मेमूचं तिकीट काही महाग नाही. मोबाइलवर जीपीएसचा वेग दाखवणारं कुठलंही ॲप चालू करा आणि खिडकीत बसा. मोटारीचा आवाज कधी बंद होतो, त्यानंतर किती वेळ गाडी नुसती वाहते, ब्रेकचा पहिला दाब कधी जाणवतो, फलाट सुरू होताना वेग किती असतो, हे लिहून काढा. पोचल्यावर तेच आकडे खेळात करून बघा. एका फेरीत जेवढं कळतं तेवढं व्हिडिओ बघून कळत नाही. गाड्या न्याहाळायच्या तर फलाटावरून न्याहाळा. रूळ ओलांडून, यार्डात शिरून नको; रेल्वे कायदा, १९८९ खाली तो गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी शेजारच्या रुळावरून येणाऱ्या विजेच्या गाडीचा आवाज फार उशिरा येतो.

मालगाडी

पॅसेंजर अंगवळणी पडली की मालगाडीकडे या. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्राकडे कोळशाच्या लांबलचक रेक, म्हणजे अख्ख्या मालगाड्या, जाताना पाहिल्याच असतील. बॉक्सएन नावाच्या उघड्या वाघिणींच्या तशा रेकमध्ये साधारण ५८ वाघिणी, वजन साडेचार हजार टनांच्या वर, लांबी सहाशे मीटरहून जास्त. पुढे डब्ल्यूएजी-७ किंवा डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं विजेचं इंजिन.

वाघिणींच्या जोडांमध्ये थोडी थोडी ढिलाई असते. ५८ जोडांची ढिलाई एकत्र केली की बराच खेळ होतो. इंजिन निघालं तरी शेवटची वाघीण अजून उभीच असते. जोरात नॉच दिला तर धक्का मागे मागे जात वाढतो आणि मधला जोड तुटतो. ओपन रेल्समध्ये सेटिंगात जोड तुटण्याची सोय चालू करता येते. चालू करा, त्याशिवाय मालगाडीत राम नाही. निघताना पहिल्या नॉचवर शेवटची वाघीण हलेपर्यंत थांबा. चढउतार आला की आपलं इंजिन कुठे आहे यापेक्षा मधल्या वाघिणी कुठे आहेत याचा विचार करा, कारण पुढचा अर्धा भाग उतारावर आणि मागचा चढावर अशी पाळी येतेच.

मालगाडी हे निवांत माणसाचं काम. ताशी ५५ने तासभर, मध्येच लूपलाइनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभं राहून एक्स्प्रेसला वाट द्यायची. घरातलं कुणी मागून येऊन विचारतंच, “काय करी ऱ्हायना भो, गाडी तं उभी शे!” उभं राहणं हाही कामाचा भाग आहे हे त्यांना पटवू नका, जमणार नाही.

खर्च

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर खेळाची मूळ किंमत बघून भुलू नका. खरा खर्च मार्गांचा आणि इंजिनांचा. क्लासिकसाठी तर इतकं सामान निघालंय की सगळं घ्यायचं म्हटलं तर शेत विकावं लागेल. उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये किमती चांगल्याच उतरतात, तोवर यादी करून ठेवा. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत देतं, तेव्हा नवा खेळ घेतल्यावर पहिल्याच बैठकीत आपल्या कम्प्युटरवर तो धड चालतो का ते बघून घ्या.

हँडलवाला कंट्रोलर नको. रेलड्रायव्हर नावाचा एक चांगला आहे, पण तो परदेशातून मागवावा लागतो आणि त्या पैशांत बरं ग्राफिक कार्ड येतं. कीबोर्डवर काही अडत नाही. त्यापेक्षा चांगला हेडफोन घ्या. ब्रेकची फुसफुस, सांध्यांची खडखड, मोटारीचा सूर, यावरून वेग कळायला लागतो.

नोकरीला उपयोग होतो का?

सहायक लोको पायलटची तयारी करणारी मुलं आपल्या भागात गावोगावी आहेत, त्यामुळे हे कुणीतरी विचारतंच. भरतीला उपयोग होत नाही. तिथे आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो, कम्प्युटरवरची लेखी परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग डोळ्यांची सर्वांत कडक वैद्यकीय तपासणी. यातलं काहीही सिम्युलेटर शिकवत नाही. निवड झाल्यावर रेल्वे स्वतः शिकवते; आपल्या भुसावळलाच मध्य रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे. पिवळ्या सिग्नलचा अर्थ आधीच तोंडपाठ असला तर पहिल्या आठवड्यात थोडं सोपं जाईल, इतकंच. परीक्षा तोंडावर असेल तर खेळ बंद ठेवा.

पुढे काय

चालवून हात बसला की बहुतेकांना आपल्या गावचा मार्ग हवासा वाटतो. तो कुणी करून देईल म्हणून वाट बघू नका. ओपन रेल्ससाठी ‘टीएसआरई’ नावाचा फुकट संपादक आहे. त्यात उपग्रहाच्या उंचीच्या नोंदी भरून जमीन तयार करता येते, त्यावर रूळ, फलाट, झाडं, सिग्नल. मनमाड-भुसावळ करायला घेऊ नका, वर्षं जातील आणि नांदगावच्या पुढे सरकणार नाही. चाळीसगाव-धुळे ही शाखा जमण्यासारखी. किंवा बंद झालेली पाचोरा-जामनेरची ‘पीजे’: ७६२ मिलिमीटरचा रूळ, एकेरी मार्ग, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी छोटी छोटी स्टेशनं, सिग्नल नावापुरते. ज्यांनी त्या गाडीने प्रवास केलाय ती माणसं अजून आहेत. फलाट कुठल्या बाजूला होता, पाण्याची टाकी कुठे, वडाचं झाड कुठे, हे नकाशावर सापडत नाही, त्यांच्याकडून विचारून घ्या. जुने फोटोही घराघरांत निघतात.

सुरुवात एका स्टेशनाने करा. एक लूप, एक फलाट, दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर रूळ. त्यावर गाडी आणून थांबवून बघा, मग पुढचा तुकडा. आणि संपादक उघडायच्या आधी मार्गाच्या अख्ख्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर, तारखेसकट नाव देऊन.